भुकटी मोकळी सोडू नकोस

कोल्हापूर, श्रावण

चि. चिऊस,


तुझा निरोप मिळाला. काकांच्या ओळखीनं शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतून किलोभर ग्राफाइट पावडर मिळेल का, असं विचारलं आहेस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे वाट बघायला नको. मिळेल, पण पाठवणार नाही. आता तोंड वाकडं केलं असशील, ते मला इथूनही दिसतंय. रागाव हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करत दुसरीकडे ब्रश धूत असतेस, म्हणून यावेळी लिहूनच काढते.

इकडे पावसानं ताळ सोडलाय. पंचगंगेला पाणी आलंय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल आलीय. या हवेत काकांचा खोकला दरवर्षी डोकं वर काढतो, तसा यंदाही काढलाय. रात्री उठून बसतात, मग मी गरम पाणी करून देते. आणि परवा तुझी आई फोनवर सहज बोलून गेली, "चिऊलाही कोरडा खोकला लागलाय, हवा बदलली असेल." मी तिला काही बोलले नाही, उगीच घाबरेल. पण त्याच दिवशी तू मला खोलीचा फोटो पाठवला होतास. पलंगाशेजारी जमिनीवर पसरलेला मोठा कागद, त्यावर काळा ढीग, वर पंखा चालू. फोटोत मास्क कुठे दिसला नाही गं.

काका मोल्डिंग शॉपमध्ये होते हे तुला माहीत आहे, पण तिथे काय करायचे ते तू कधी विचारलं नाहीस. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ते वाळूला चिकटू नये, ओतीव माल साफ निघावा, म्हणून साच्याला आतून ग्राफाइटचा काळा वॉश देतात. ग्राफाइटला एवढ्या आगीचं काही वाटत नाही. वॉश स्पिरिटमधला असला की लावल्यावर पेटवूनच सुकवायचा. आणि जुन्या पद्धतीत कोरडी पावडर कापडी पिशवीत भरून ती पिशवी साच्यावर झटकायची. काका संध्याकाळी घरी आले की त्यांच्या रुमालावर नाकाच्या दोन काळ्या खुणा असायच्या. आम्हाला तेव्हा त्याचं हसू यायचं. पुढे छातीच्या फोटोत जे दिसलं त्यावर कुणी हसलं नाही. दोष एकट्या ग्राफाइटचा नाही, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. वाळूतली सिलिका त्याहून वाईट. पण फाउंड्रीच्या पावडरीत हे सगळं एकत्रच येतं, पोरी. ती चित्रासाठी केलेली नसते. तिच्यात माती असते, राख असते, खनिजाबरोबर आलेली सिलिका असू शकते. साच्याला ते चालतं. तुझ्या छातीला चालणार नाही आणि कॅनव्हासलाही नाही, कारण आज आणलेल्या पोत्याची करडी छटा पुढच्या पोत्यात मिळेलच असं नाही.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट म्हणजे नुसता कार्बन, मग भ्यायचं कशाला, असं तू म्हणशील. विषारी नाही, खरं आहे. पण छातीत गेलेली धूळ तिथेच बसून राहते. वर्षानुवर्षं ग्राफाइटच्या धुळीत काम करणाऱ्यांची फुप्फुसं त्यानं खराब झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेतले औद्योगिक आरोग्याचे तज्ज्ञ जी मर्यादा सांगतात ती अशी: एक घनमीटर हवेत आत खोलवर जाणारी बारीक धूळ २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तुझी खोली दहा बाय दहाची, उंचीही दहा फूट धरू. सुमारे २८ घनमीटर हवा झाली. म्हणजे खोलीभर मिळून साठ मिलिग्रॅमसुद्धा नाही. चहाच्या एका चमच्यात याच्या कितीतरी पट पावडर मावते. सगळी उडत नाही, मान्य. पण पंखा लावून, वर ब्रशनं झटकत बसलीस तर किती उडत असेल, याचा हिशेब तूच कर. आणि त्याच खोलीत तू झोपतेस.

म्हणून सांगते, कोरडी पावडर हातात असेल तेव्हा पंखा बंद आणि एन-९५ मास्क नाकावर घट्ट. ओढणी बांधून भागत नाही. काम झालं की झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. शिवाय ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे मोटर बिघडते ती वेगळीच. तोच न्याय लॅपटॉपला आणि चार्जरच्या पिनेला. पलंगावरच्या त्या लॅपटॉपवर काळी साय धरलेली फोटोत दिसत होती. शक्य असेल तर हे काम खोलीत करूच नकोस. तुमच्या चित्रकलेच्या फॅकल्टीच्या स्टुडिओत, व्हरांड्यात, जिथे हवा बाहेर जाते तिथे कर. सँडपेपरवर पेन्सिल घासून पावडर काढतेस ना, ती ओल्या फडक्यावर ठेवलेल्या ताटात काढ. आणि ते हात घेऊन पाणीपुरीच्या गाड्यावर जाऊ नकोस. बोटांच्या घड्यांत आणि नखांच्या कडेला जी चंदेरी कड राहते ती नुसत्या साबणानं जात नाही. आधी खोबरेल तेल चोळायचं, कापडानं पुसायचं, मग साबण. काकांची ही रीत आहे आणि ती उत्तम चालते.

आता एवढं वाचून तुला वाटेल, मावशीला हे काम पसंतच नाही. तसं नाही गं, चिऊ. उलट तू रंगांच्या ट्यूबा बाजूला ठेवून या करड्यावर आलीस, याचं मला बरं वाटलं. शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, तेव्हा उरलेल्या पेन्सिलींचा चुरा एका डबीत जमवून ठेवायची. सुट्टीत तू आलीस की तुला ती डबी हवी असायची. कापसाच्या बोळ्यानं कागद काळा करायचा आणि खोडरबरानं त्यातून चंद्र काढायचा, हा तुझा उद्योग. स्वयंपाकघराच्या दारावर तुझा पंजा उमटला होता, तो काकांनी पुढची दोन रंगकामं तसाच राखला होता. तेव्हा हे तुझ्या हातात आलंय ते मुळातच आलंय, मी कोण अडवणार?

पण ज्याच्याशी खेळतेस त्याचा स्वभाव ओळख. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू पातळ थरांत बसलेले असतात. थराच्या आत पकड पक्की, थराथरांत मात्र अगदी सैल. म्हणून ते घसरतं, म्हणून कुलपात घालतात, म्हणून कागदावर एवढ्या सहज उतरतं. तोच गुण आहे आणि तोच अवगुण. जे इतक्या सहज उतरतं ते तितक्याच सहज निघूनही जातं. प्रकाशानं ते फिकं पडत नाही, त्या बाबतीत निश्चिंत राहा. तुझ्या चित्राला धोका उन्हाचा नाही, बोटाचा आहे.

तेव्हा एकच गोष्ट धरून चाल. भुकटी मोकळी सोडू नकोस. हवेतही नाही आणि चित्रावरही नाही. तिला बांध.

पाण्यात ती नुसती मिसळत नाही, वर तरंगते, हे तू बघितलंच असशील. पिठल्याचं बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो ना, तसं कर. पावडरीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब टाकून नाइफनं घट्ट लगदा कर आणि मग त्यात ॲक्रिलिकचं मॅट मीडियम थोडं थोडं घाल. ओली झाली की उडायची भीतीही गेली. एक तुकडा रंगवून पूर्ण वाळू दे आणि पांढऱ्या सुती कापडानं घास. कापड काळं झालं तर पावडर जास्त आणि मीडियम कमी. असा थर आज छान दिसतो आणि पुढे पोपडे धरतो. मीडियम वाढवलंस की चकाकी मरते आणि करडा मुका होतो, हेही होणारच. मग वाळल्यावर जिथे चमक हवी तिथेच स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घोट. घोटलेली जागा थोडी उजळून येते, आजूबाजूचा मॅट करडा तसाच राहतो. चमक कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे तू ठरवायचंस. पावडरीला ठरवू द्यायचं नाही.

तुझी ती दुसरी पद्धत, ओल्या मीडियमवर गाळणीतून पावडर पेरायची, तीही वाईट नाही. दाणे पडतात, कडेला विरळ होतात, ओलं जिथे जास्त तिथे बुडतात. फक्त गाळणी कागदाच्या अगदी जवळ धर आणि वाळल्यावर कागद उभा करून मागून टिचक्या मारत बसू नकोस. जे सुटं राहिलं असेल ते मऊ, किंचित ओलसर ब्रशनं उचल आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टाक. बेसिनमध्ये ओतू नकोस. मागे होस्टेलचा नळ तुंबला त्यात तुझा हातभार किती होता, मी विचारणार नाही.

गुळगुळीत जेसोवर, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तरावर, ग्राफाइट घसरतं. तिथे जेसोत थोडी संगमरवराची भुकटी घालून पृष्ठभाग खरबरीत कर, म्हणजे धरायला जागा मिळेल. बोटानं थेट घासणार असशील तर विचार करून घास. त्वचेचं तेल लागलं की तिथला डाग खोडरबरालाही दाद देत नाही. कोळसा वापरायचा असेल तर तो आधी, ग्राफाइट नंतर, कारण घोटलेल्या ग्राफाइटवर कोळसा बसतच नाही. आणि खरा काळा हवा असेल तर तो ग्राफाइटकडे मागू नकोस. कितीही थर चढव, एका मर्यादेनंतर ते काळं व्हायचं सोडून चमकायला लागतं आणि समोरून उजेड पडला की पांढुरकं दिसतं. काळोख कोळशाचा घे, ग्राफाइटकडून धूसर उजेड घे.

तैलरंगाखाली ते टाळच. वर्षं जातात तसा वरचा तेलाचा थर पारदर्शक होत जातो आणि खालचं ग्राफाइट वर दिसायला लागतं. आणि जवसाच्या तेलात पावडर कालवायचीच झाली, तर तेलानं माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नकोस. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. हे मास्कइतकंच महत्त्वाचं आहे, बाळा.

भुकटी बांधणं म्हणजे काय, ते आता दोघांकडे बघ. तुझ्याच फॅकल्टीत चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून शिकवत होती. जन्म कराचीचा, १९३७ चा. शेवट आपल्या अलिबागजवळच्या किहीमला, १९९० साली. तिचंही सामान हेच, कागद, शाई आणि ग्राफाइट. पण तिनं ते टोकावर आणलं. ड्राफ्टिंगची उपकरणं घेऊन ओढलेल्या रेघा, एकीच्या शेजारी एक, आणि बहुतेक चित्रांना नाव नाही की तारीख नाही. आजारानं हालचालींवरचा ताबा सुटत गेला, तरी रेघ सुटली नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला कलावंत रॉबर्ट मॉरिस. त्यानं १९७३ पासून 'ब्लाइंड टाइम' नावाची रेखाटनं केली. डोळे झाकून, हाताला ग्राफाइटची पावडर लावून, किती वेळ लागेल याचा अंदाज आधी बांधून दोन्ही हातांनी कागदावर काम करायचं. मग काय करायचं ठरवलं होतं आणि वेळेचा अंदाज किती चुकला, हे कागदावरच खाली लिहून ठेवायचं. १९७६ मध्ये तर त्यानं जन्मापासून अंध असलेल्या एका बाईंच्या हातून ही मालिका करवून घेतली.

हे दोघं मी मुद्दाम एकत्र आणले. एकीची रेघ केसाएवढी, दुसऱ्याच्या हातांचे पंजेच्या पंजे. तरी दोघांनी भुकटीला मोकळं सोडलेलं नाही. तिनं तिला रेघेत बांधलं, त्यानं नियमात बांधलं. अमूर्त म्हणजे पावडर टाकून काय होतंय ते बघत बसणं, असं तुझ्या वर्गातली काही मुलं समजतात ना? तू समजू नकोस. ग्राफाइट फार लाघवी आहे. कापसानं फिरवलं की लगेच ढग, धुकं, डोंगर तयार. कुणीही "वा" म्हणतं. तुझ्या फोटोतल्या चार कागदांपैकी तीन तसे होते, खरं सांगते. चौथ्यात मात्र तू खोडरबरानं एक आडवी फट उघडली आहेस, डावीकडे रुंद आणि उजवीकडे जाता जाता मिटलेली. तिथे मी थांबले. ती फट पावडरीनं केलेली नाही, तू केली आहेस. कामाला लागण्याआधी पांढरं कुठे राहणार ते ठरवत जा. आपला नागपुरात जन्मलेला चित्रकार गायतोंडे रोलर आणि नाइफनं थर द्यायचा, पण वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करायचा. बाकीचा वेळ बघण्यात जायचा. तुला रोज एक कागद संपवायची घाई कसली?

पूर्ण झालेल्या कामावर फिक्सेटिव्ह मारायचा तो उघड्यावर, पातळ आणि दोन-तीन वेळा. एकदाच जाड फवारलास तर डाग पडतील. आणि पावडरीचा जाड थर फिक्सेटिव्हनं धरला जाईल या भरवशावर राहू नकोस. दिवाळीला घरी येताना कागद गुंडाळून आणू नकोस, मधे बटर पेपर घालून सपाट आण. फ्रेम करशील तेव्हा काच आणि चित्र यांच्यात माउंटची जागा ठेव. ॲक्रिलिकची शीट हलकी म्हणून घेऊ नकोस, स्थिर विजेनं ती सुटे कण स्वतःकडे ओढते. काच जड पडली तरी काचच. आणि फोटो काढताना समोरून फ्लॅश नको, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड दे. नाहीतर तुझी सगळी मेहनत एक पांढरा झगमगाट होऊन येते.

पार्सल सोमवारी टाकतेय. त्यात एन-९५ चे मास्क आहेत, नायट्राइलचे हातमोजे आहेत, लिंबाचं गोड लोणचं आणि काकांनी स्वतः भाजलेले शेंगदाणे आहेत. लोणच्याची बरणी चित्रांच्या कपाटात ठेवू नकोस, एवढं सांगावं लागतं तुला. कलावस्तूंच्या दुकानात ग्राफाइटचा डबा मिळतो तो घे, पैसे मी पाठवलेत, आईला सांगायची गरज नाही. महाग वाटला तरी चमचा चमचा वापरलास तर वर्ष सहज निघेल. शेजारच्या वहिनींच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, तुला बोलावणं आहे. तुझी ती मांजर आता माझ्याच घरी राहते आणि सगळ्यांवर हुकूम चालवते.

खोकला आठ दिवसांत थांबला नाही तर "हवा बदलली" म्हणत बसू नकोस. डॉक्टरकडे जा आणि कोणत्या धुळीत काम करतेस ते त्यांना सांग. आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. काकांनी ते सांगायला फार उशीर केला. तू करू नकोस. आणि यापुढे मला कामाचा फोटो पाठवशील तेव्हा त्यात पंखा बंद दिसला पाहिजे.

तुझी,
मावशी